आधी तोंड पुसा, असं सांगणाऱ्या नटाला

आदरणीय व्हिक्टर रेबेंजुक यांस,

साष्टांग नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. रोमानियातलं तुमचं बुखारेस्ट मी नकाशातच पाहिलंय. तरी गेल्या वर्षी एका सभेत मी खरं बोलू शकलो, ते तुमच्यामुळे. चूक जाहीर होती, म्हणून आभारही जाहीर मानतो.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा गौरव अंक निघाला, त्यात मी दोन पानं लिहिली होती. 'द्रष्टे', 'निःस्पृह', सगळे शब्द वापरले. कारभार कसा चाललाय ते मला तेव्हाही दिसत होतं. पुढे ते पायउतार झाले आणि हार घालणारेच तोंडसुख घेऊ लागले. सर्वसाधारण सभेत बोलायला मीही टिपण काढलं. त्यात माझ्या लेखाचा उल्लेख नव्हता.

त्याच आठवड्यात तुमची जुनी चित्रफीत पाहण्यात आली. डिसेंबर 1989. क्रांती झाली, रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कु 22 तारखेला हेलिकॉप्टरने पळाला, त्यानंतरचे ते दिवस. ज्या टीव्हीवर कित्येक वर्षं रोज जेमतेम दोन तास कार्यक्रम असायचे, आणि त्यातही त्याचीच आरती, त्याच टीव्हीवर तुम्ही टॉयलेट पेपरचा रोल दाखवत होता. कालपर्यंत स्तुती गाणाऱ्यांनी आज बोलण्याआधी तोंड पुसावं, एवढंच तुमचं म्हणणं. अर्थ कळला आणि मला माझी दोन पानं आठवली.

मग लिव्हियु चुलेई यांनी दिग्दर्शित केलेला, तुमची भूमिका असलेला 'फॉरेस्ट ऑफ द हँग्ड' हा चित्रपट शोधला, ज्याला 1965 साली कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. त्यातला तुमचा बोलोगा, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेतला रोमानियन अधिकारी. एका चेक अधिकाऱ्याला फासावर चढवण्याच्या निकालात त्याचंही मत असतं. ते मत त्याला सोडत नाही. शेवटी तो स्वतःच फासाकडे जातो. बोलोगाने चुकीची जी किंमत मोजली, तिच्यापुढे सभेत उभं राहून चार वाक्यं बोलणं म्हणजे काय! त्या रात्री मला झोप लागली नाही.

सभेत टिपण खिशातच ठेवलं. गौरव अंक उघडला, माझ्याच लेखातल्या चार ओळी वाचल्या आणि म्हणालो, "हे मी लिहिलं. दिसत असूनही लिहिलं." मग हिशेबाचे प्रश्न विचारले. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी बाहेर पडताना खांद्यावर हात ठेवला, बस्स.

क्रांतीनंतर तुम्ही नाट्य-चित्रपट अकादमीचे रेक्टर झालात, रंगभूमी सोडली नाहीत, आणि म्हातारपणीही सार्वजनिक प्रश्नांवर गप्प बसला नाहीत. 1933 चा जन्म तुमचा. तुमच्याकडे शिकलेली मुलं किती भाग्यवान!

माझ्याकडची त्या अंकाची प्रत मी रद्दीत घातलेली नाही. लिहायच्या टेबलाच्या खणात, वरच ठेवली आहे.

तुमचा ऋणी,
महाराष्ट्रातला एक शिक्षक