पडलेला दात घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलवरून पडून माझ्या ११ वर्षांच्या नातवाचा पुढचा दात मुळासकट निघाला. मी घाईघाईने तो नळाखाली खसाखसा घासला, रुमालात गुंडाळला. तिथेच चुकले! घासल्याने, सुकल्याने मुळावरच्या नाजूक पेशी मरतात, असे दंतवैद्यांनी सांगितले. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून, मळला असेल तर हलकेच धुऊन लगेच खाचेत बसवायचा. नाहीच जमले तर थंड दुधात ठेवून ३० मिनिटांत दवाखाना गाठायचा. (दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.) नातवाचा दात तारेने बांधलाय, पण तो टिकेल याची खात्री नाही. दातांच्या दवाखान्यांवर रूट कॅनालच्या पाट्या जागोजागी, पण एवढे साधे कुणी सांगितले नव्हते. शाळांनी प्रथमोपचार पेटीवर हे चार शब्द चिकटवावेत.

– एक आजी