डिजिटल आरोग्याच्या उन्हाळी संशोधनासाठी नागपूरला आठ आठवडे द्या

मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी नागपुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवतो. पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी डिजिटल आरोग्य या विषयावरचा आठ आठवड्यांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम शासनाने स्वतःच्या खर्चाने नागपुरात सुरू करावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स ही रुग्णालये, तसेच व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी आणि विज्ञान संस्था हे सगळे या एकाच शहरात आहे. संशोधनाचे प्रश्नही इथलेच आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले, त्याचे लक्ष्य 2047 आहे, आणि विदर्भातल्या गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या कुटुंबांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे.

बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरचेच उदाहरण घ्या. ते साधारण 660 आणि 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बोटातून पाठवते आणि प्रत्येकातला किती शोषला गेला, यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ठरवते. यामागचा बीअर-लॅम्बर्टचा नियम आमचे विद्यार्थी परीक्षेत दहा ओळींत लिहून मोकळे होतात. मात्र गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून दिसून आले, आणि सिकलसेलच्या रुग्णांमध्येही त्याचा आकडा व धमनीतल्या रक्ताची तपासणी यांत फरक पडतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. आपल्या वॉर्डातल्या रुग्णांमध्ये हा फरक किती पडतो, हे नावे काढून टाकलेल्या जुन्या नोंदींवरून तपासणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे, आणि त्याचे उत्तर उपचार करणाऱ्यांच्या थेट उपयोगाचे आहे. संख्याशास्त्र आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांसाठीही कामाची वाण नाही: प्रत्येकाच्या आरोग्य खात्याचा चौदा अंकी आभा क्रमांक आला, तरी एकाच रुग्णाचे आडनाव एका केसपेपरवर ‘मडावी’ आणि दुसऱ्यावर ‘माडवी’ असे उतरले, की जुन्या नोंदी जुळवायच्या कशा, हा प्रश्न उरतोच.

अडचण हुशारीची नाही, राहण्या-जेवणाची आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला बाहेरच्या एका संस्थेत उन्हाळी संशोधनासाठी जागा मिळाली होती. विद्यावेतन नव्हते, वसतिगृहही नव्हते, म्हणून तिला ती सोडावी लागली. मला आजही त्याचे फार वाईट वाटते. म्हणून विद्यावेतन आणि निवास हा या योजनेचा पाया असावा. उन्हाळ्यात आमची वसतिगृहे रिकामी होतात. त्यांतली काही उघडी ठेवली, तरी अर्धा प्रश्न सुटेल. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा लांबल्या, तर मात्र सगळेच बिघडते, त्यामुळे कार्यक्रमाच्या तारखा विद्यापीठाशी बोलूनच ठराव्यात.

दुसरी कळकळीची विनंती अशी, की याचे रूपांतर व्याख्याने ऐकून प्रमाणपत्र घेण्याच्या शिबिरात होऊ देऊ नये. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न आणि एक मार्गदर्शक मिळावा, आणि त्या मार्गदर्शकाचे ते काम त्याच्या कार्यभारात धरले जावे. रुग्णांच्या माहितीला हात लावायचा, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णालयाच्या नीतिसमितीची मान्यता लागते आणि 2023 चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदाही लक्षात घ्यावा लागतो. आठ आठवड्यांच्या कामासाठी मे महिन्यात अर्ज केला, तर मान्यता येईपर्यंत विद्यार्थी घरी परतलेला असेल. त्यामुळे विषय आधीच निवडून त्यांना फेब्रुवारीपर्यंत मान्यता घेऊन ठेवणे अत्यावश्यक आहे, आणि हे वैद्यकीय शिक्षण विभागाला सोबत घेतल्याशिवाय होणार नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा दोन्ही विभागांचे अधिकारी आणि येथील संस्थांचे प्रमुख यांची एकत्र बैठक घ्यावी. निर्णय त्या बैठकीत झाला, तर जानेवारीत अर्ज मागवून येत्या उन्हाळ्यातच पहिली तुकडी काम सुरू करू शकेल.

आपला नम्र,
विज्ञानाचा एक प्राध्यापक, नागपूर