मिटींगवाल्या काकांना

काका, तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला चालणार नाही हे माहितीय मला. पण वाचल्यावर तुम्हाला कळंलच की ही उचगावची, फौंड्रीत असणाऱ्यांची बायको. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांच्या देखत इथं लिहिते.

ह्यांच्या दारूपायी तुमचा नंबर आमच्या गल्लीतल्या आशाताईंनी दिलता. मला वाटलेलं तुम्ही एएच्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मिटींगचा वार सांगाल, पत्ता सांगाल आणि झालं. पण तुम्ही पहिलं काय विचारलंत तर सकाळी उठल्या उठल्या घेतात का, हात कापतात का, कधी फिट आलीय का. मी हो हो म्हणत गेले तसं तुम्ही सरळ सांगितलंत की मग आधी डॉक्टर आणि नंतर मिटींग, रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवावर बेतू शकतं. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं ओ. घरात सगळ्यांचं एकच, चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप उतरंल. सासूबाईंनी कुलूपसुद्धा आणून ठेवलंतं.

तुमच्यामुळं ह्यांना सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ॲडमिट करून घेतलं, गोळ्या, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं सुरू झाली, आणि तरीबी दुसऱ्या रात्री हे चादरीवरच्या मुंग्या वेचत बसले. एक मुंगी नव्हती चादरीवर. चिमटीत धरून खाली टाकायचे, परत वेचायचे, आणि मला म्हणायचे तू बघत काय बसलीयस, झटक की. डॉक्टर जवळ होते म्हणून निभावलं. कुलपाच्या आत हेच झालं असतं तर काय केलं असतं मी, ह्याचा विचार अजून रात्री येतो.

आणि ती पुडी. मावसबहिणीनं आणून दिलेली, दारू सुटायला पेशंटला न सांगता भाजीत घालायची म्हणून. तुम्ही फोनवर एवढे कडक कधीच बोलला नव्हता. पुडीत काय आहे कुणाला माहीत, आणि त्यावर दारू पोटात गेली की बीपी पडणं, हार्टवर येणं असलं घडवणारी औषधं असतात, ती डॉक्टरनं पेशंटला सांगूनच द्यायची असतात, असं म्हणालात. त्याच दिवशी टाकली ती. भिंतीवर असल्या जाहिराती दिसल्या की मी आता प्रत्येकीला हे सांगते.

मिटींगच्या पहिल्या दिवशी हे जिन्यापाशीच अडले. ओळखीचं कोण भेटलं तर, हीच भीती. तुम्ही वर चला म्हणाला नाहीत, चहाच्या गाड्यावर नेलंत आणि स्वतःचंच सांगत बसला, ह्यांना एक प्रश्न विचारला नाही. अमेरिकेत १९३५ ला एक शेअर बाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघंबी पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातनं हे सगळं उभं राहिलं हे सांगितलंत, तेव्हा हे पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, म्हणजे डॉक्टरला पण सुटत नव्हती? त्यानंतर स्वतःच उठून जिना चढले.

ओपन मिटींग होती, म्हणजे न पिणाऱ्यांनाबी बसता येतं अशी, म्हणून मी पण मागं बसले. फॉर्म नाही, फी नाही, आडनाव कुणी विचारलं नाही. दारू सोडायची इच्छा आहे एवढंच पुरे. माझ्या माणसाला इतकी वर्षं सगळे सुनावतच होते, तिथं त्याचं कुणीतरी शांत ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द न बोलता. मी पाकीट पुढं केलं तर तुम्ही परत माझ्या हातात दिलंत, बाहेरच्यांचे पैसे घेत नाही म्हणालात, मेंबर लोकच वर्गणी काढतात.

मध्ये एका लग्नात हे घसरले. मला वाटलं संपलं सगळं. तुम्ही घरी आलात, सासूबाईंच्या समोर ह्यांना म्हणालात, खुर्ची तिथंच आहे, उद्या साडेसातला. रागवणं नाही, शपथ घालणं नाही. आमच्या घरात तोवर शपथांशिवाय दुसरं काही झालंच नव्हतं. यंदा गटारीला कंपनीतल्या पोरांनी गाडी घेऊन बोलवलं, तर हे संध्याकाळी तुमच्याकडं येऊन बसले.

काकूंचे आभार तर वेगळेच मानायला पाहिजेत. घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळी मिटींग असते हे मला त्यांनी सांगितलं आणि हाताला धरून नेलं. सुपरवायझरला फोन करून ताप आलाय म्हणून खोटं सांगायचं मी तिथं गेल्यावर बंद केलं. लई जड गेलं ते. पण मला झोप लागायला लागली.

कुणाच्या घरात हे चालू असंल आणि कुठं विचारायचं कळत नसंल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईनचा फुकट नंबर आहे, तिथं विचारा. सगळ्यांच्याच गल्लीत आशाताई असतीलच असं नाही.

काका, पैसे घेत नाही ते ठीक आहे, पण जेवायला नाही म्हणू नका. ह्या रविवारी ह्यांना सुट्टी आहे. काकूंना पांढरा रस्सा आवडतो ते मला माहितीय, त्यांना घेऊनच या.