सायकलवाल्या पोरांना हार घातले, आता संशोधनाला पैसे पण द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवत काश्मीर ते कन्याकुमारी सायकलवर निघालेली पोरं परवा साताऱ्यात येऊन गेली, पोवई नाक्यावर हार झाले, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. साडेतीन हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे ते, खंबाटकी चढून आलेल्या पोरांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण त्यांनी क्यूआर कोड पुढे केला तसे बरेच जण मागे सरकले आणि आजूबाजूला एकच बोलणं ऐकू येत होतं, की पेशंटला द्यायचे असतील तर देऊ, संशोधनाला कशाला, ते काय अमेरिकेत चालतं. मला फार वाईट वाटलं म्हणून हे लिहायला बसले.

अहो, अमेरिकेत कशाला, हे आपल्या शेजारी झालंय. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा. गावांचे गट पाडले, एका गटातल्या बायकांची एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, टेस्ट केली, ती पण फक्त एकदाच, आणि ज्यांच्यात काही सापडलं त्यांच्यावर उपचार केले, आणि एका गटात अशी तपासणी नव्हती. आठ वर्षांत टेस्टवाल्या गटात ह्या कॅन्सरने ३४ बायका गेल्या आणि तपासणी नसलेल्या गटात ६४, गट साधारण सारखेच मोठे. २००९ मध्ये हे छापून आलं, आणि आज डब्ल्यूएचओ सगळ्या देशांना एचपीव्ही टेस्टच आधी करा म्हणून सांगते त्यामागे ह्या आपल्या खेड्यातल्या बायका पण आहेत. माझी मावशी कोरेगाव तालुक्यातली, अंगावरून जातंय हे सांगायला लाजत राहिली आणि ह्याच आजाराने गेली. तिची टेस्ट कुणी केलीच नाही. त्यामुळे मला हे आकडे वाचताना नुसते आकडे वाटत नाहीत.

आणि त्या अभ्यासाला पैसा कुणी दिला तर अमेरिकेतल्या गेट्स फाउंडेशनने. बायका आपल्या, गावं आपली, मग पैसा आपण का नाही देऊ शकत?

दुसरी गोष्ट तर अजून डोळे उघडणारी आहे. दात काढायच्या आधी बधिर करायला जे इंजेक्शन देतात ना, लिग्नोकेनचं, तेच स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीच्या भोवती दिलं तर काय होतं हे टाटाच्या डॉक्टरांनी १६०० बायकांमध्ये बघितलं, २०२३ ला निकाल आला. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी शंभरात ९० जिवंत, न दिलेल्यांत ८६. हे औषध इतकं स्वस्त आहे की ते विकून कुठल्या कंपनीला फायदा नाही, मग असल्या अभ्यासावर कंपनी पैसा कशाला घालेल? असं संशोधन सरकार नाहीतर तुमच्या-माझ्यासारखी माणसंच करू शकतात आणि म्हणून ती पोरं सायकल मारत फिरतायत.

पेशंटला मदत नको असं मी अजिबात म्हणत नाही, घरात कॅन्सर आला की शेत विकावं लागतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण एका पेशंटला दिलेले पैसे एका पेशंटला पुरतात. १९८० मध्ये टेरी फॉक्स नावाचा कॅनडातला पोरगा, कॅन्सरने पाय गेलेला, नकली पाय लावून देश ओलांडायला पळत निघाला आणि त्याने माणशी एक डॉलर मागितला. आजार परत उलटला, पळणं अर्ध्यात थांबलं, पण पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४० लाख डॉलर जमले होते, म्हणजे खरंच माणशी एक. आपला सातारा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ३० लाखांचा होता. माणशी दहा रुपये म्हणजे ३ कोटी होतात बघा.

लोकांना शंका येते पैसे नक्की जातात कुठे, ती शंका मला बरोबर वाटते. त्यासाठी अमेरिकेतल्या पॅन-मास चॅलेंजसारखं करावं, तिथे सायकलवाल्याने जमवलेला सगळा पैसा थेट डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो, आयोजनाचा खर्च वेगळा काढतात. इथे पण राइडचा खर्च स्पॉन्सरकडून घ्यावा, आणि लोकांचे पैसे सरळ संशोधन करणाऱ्या संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती पण त्याच संस्थेची मिळावी. आपल्याकडे हिल मॅरेथॉनला अख्खं सातारा रस्त्यावर उतरतं, सायकल क्लबची मंडळी पण खूप आहेत, त्यांनी असं काही काढलं तर मी शाहूपुरीत घरोघर फिरायला तयार आहे.

आणि संपादक साहेब, तुम्हाला पण एक विनंती. अशा राइडची बातमी छापताना सत्काराच्या फोटोबरोबर किती जमले, खर्च किती झाला आणि कुठल्या संस्थेला किती पोचले हे पण छापत जा.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा