हिरवा ठिपका म्हणजे चालू चॅनेल नव्हे

महोदय,

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुण्यातल्या प्रयोगशाळा पाहायला मुलांची झुंबड उडते. हृदयपेशीचे हिरव्या ठिपक्यांचे चित्र फलकावर असो वा वृत्तपत्रात, खाली नुसते 'कॅल्शियम चॅनेल' (पेशीत कॅल्शियम आत सोडणारे प्रथिनाचे दार) लिहिणे चुकीचे आहे. ठिपका म्हणजे चमकता रंग जोडलेली अँटिबॉडी; ती चॅनेलच्या प्रथिनाला चिकटते. ते प्रथिन पेशीपटलात बसले आहे की आतल्या पिशवीत पडून आहे, उघडते की नाही, हे ठिपका सांगत नाही.

त्यासाठी चॅनेलमधून वाहणारा विद्युतप्रवाहच मोजावा लागतो. नेहेर आणि साकमान या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये पेशीवर बारीक काचनळी (पिपेट) टेकवून एकेका चॅनेलचा प्रवाह मोजून दाखवला; हीच पॅच क्लॅम्प पद्धत. पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पिपेट पेशीच्या पृष्ठभागावरच्या उंचवट्यावर टेकले की खाचेत, हे कळत नाही. स्कॅनिंग पॅच क्लॅम्पमध्ये तेच पिपेट आधी पेशीला न शिवता तिचा नकाशा काढते. टोकाचे छिद्र साधारण १०० नॅनोमीटरचे. टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळ गेले की त्यातला आयनांचा प्रवाह घटतो. तेवढ्यावर थांबून उंची नोंदवायची आणि पुढच्या बिंदूवर जायचे. हळूहळू सुमारे दोन-दोन मायक्रॉनवरच्या आडव्या खाचा आणि त्यांतली टी-नलिकांची (पेशीत आत शिरणाऱ्या बारीक नळ्यांची) तोंडे उमटतात. हवे त्या तोंडावर टोक उतरवून हवा हलकेच ओढली आणि विद्युतरोध गिगाओहमवर (अब्ज ओहमवर) गेला, की सील (टोक आणि पटल यांतला घट्ट जोड) बसले.

इतक्या बारीक छिद्राखाली चॅनेल क्वचितच सापडते. म्हणून नकाशा झाल्यावर टोक शेजारच्या काचेवर टेकवून किंचित मोडतात. जास्त मोडले तर कड खडबडीत होते आणि सील धरत नाही. मध्येच पेशी आकसली तर नकाशा वाया. हृदयातून पेशी सुट्या केल्यावर द्रावणातले कॅल्शियमही थेंबाथेंबाने वाढवावे लागते; एकदम दिले तर लांबट पेशी गोळा होऊन मरते. पिपेटमध्ये कॅल्शियमऐवजी बेरियम भरतात, कारण त्याने प्रवाह मोठा मिळतो आणि चॅनेल लवकर मिटत नाही. एखादा पॅच (टोकाखालचा पटलाचा तुकडा) रिकामा निघाला म्हणून तिथे चॅनेल नाहीत असे ठरत नाही. अनेक पेशींवर मोजूनच बोलावे.

या खटाटोपातूनच कळले, की निरोगी पेशीत मुख्यतः टी-नलिकांत असलेली एल-टाइप या जातीची कॅल्शियम चॅनेल निकामी होत चाललेल्या हृदयात उंचवट्यांवरही सापडतात आणि तिथे जास्त वेळा उघडतात. ठिपक्यांच्या चित्रातून हे उघडणे दिसले नसते.

म्हणून अशा चित्राखाली 'चॅनेल-प्रथिनाची जागा' असे लिहावे आणि प्रवाह मोजला होता की नाही, तेही छापावे, ही विनंती.

— हृदयपेशींवर काम करणारे वाचक, पुणे