भिंत न फोडता सराउंड साउंड

नाशिक,
रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

हॉलमध्ये सराउंड साउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, हवाय असा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तुझा हॉलच घोळतोय. रंगकाम नुकतंच उरकलंय, आता भिंतीला छिन्नी लागू द्यायची नाही, हे वहिनींचं म्हणणं अगदी रास्त आहे. आणि तशी गरजही नाही.

त्यातला ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज देणारा स्पीकर. पुढच्या तिघांच्या वायरी टीव्ही युनिटमागे दडून जातात. खरी कटकट मागच्या दोघांची, कारण वायर सोफ्यामागे न्यायची तर मध्ये दार येतं. म्हणून सुटा अ‍ॅम्प्लिफायर वगैरे भानगडीत पडू नकोस. मागचे स्पीकर वायरलेस असलेला साउंडबारचा सेट घे, म्हणजे पुढचे तिन्ही स्पीकर एकाच लांब पट्टीत येतात.

पण खोक्यावर ‘वायरलेस’ लिहिलंय म्हणून लगेच पैसे मोजू नकोस. कित्येक सेटमध्ये सबवूफर तेवढा वायरलेस असतो आणि मागचे दोन्ही स्पीकर वायरने त्यालाच जोडायचे असतात. दुकानात मागचा स्पीकर हातात घे, उलटा कर आणि त्याला स्वतःची पॉवर कॉर्ड आहे का ते बघ. वायरीशिवाय येतो तो फक्त सिग्नल, वीज लागतेच. त्यामुळे सोफ्याच्या दोन्ही बाजूंना प्लग पॉइंट हवा. एकाच बाजूला असेल तर इलेक्ट्रिशियनकडून स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टी (वायर झाकणारी पट्टी) मारून घे, रंगाला धक्का लागत नाही.

टीव्हीला जोडायला एकच एचडीएमआय केबल पुरते. मात्र ती एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या पोर्टमध्येच लाव, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवतो तो तोच. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ असेल तर ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ कर, नाहीतर बऱ्याच टीव्हींतून आवाजाचे दोनच चॅनेल (डावा आणि उजवा) बाहेर पडतात आणि मागचे स्पीकर गप्प बसतात किंवा पुढचाच आवाज ऐकवतात. ब्लूटूथ तर नकोच. ओठ आधी हलतात, शब्द मागाहून येतात.

मागचे स्पीकर लांब कोपऱ्यात टाकू नकोस. टीव्हीकडे तोंड करून बसलास की ते कानांच्या जरा मागे, साधारण ११० ते १२० अंशांवर आणि डोक्याच्या थोडे वर यायला हवेत. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर हातभर पुढे ओढ. सबवूफर टीव्हीजवळच हवा असं नाही, कारण ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला नीटसं कळत नाही. त्याची जागा शोधायची एक युक्ती मला फार आवडते: तो आधी सोफ्यावर, तुझ्या बसायच्या जागी ठेव, ढोल असलेलं एखादं गाणं लाव आणि खोलीभर वाकून फिर. जिथे ठेका घुमत नाही, स्वच्छ ऐकू येतो, ती त्याची जागा.

अण्णांना संवाद कळत नाहीत म्हणून टीव्ही मोठ्याने लावावा लागतो, असं तू म्हणालास. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. खरं तर या खटाटोपाचं सगळ्यात मोठं कारण मला तेच वाटतं. सिनेमातले संवाद बहुतेक करून मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमधून येतात. तेवढाच आवाज वेगळा वाढवता येतो का, हे दुकानदाराला विचारल्याशिवाय सेट घेऊ नकोस. दोन-तीन डेसिबल चढवलास तरी अण्णांना सोपं जाईल आणि पार्श्वसंगीत अंगावर येणार नाही.

खरेदीआधी हॉलची मापं, सोफा आणि प्लग पॉइंट दाखवणारा कच्चा नकाशा पाठव. पुढच्या महिन्यात डोंबिवलीला येतोच आहे, जोडणी मिळून करू. तोवर केसिंगचं काम तेवढं करून ठेव.

अण्णा-काकूंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
विन्या