नोटीस आमच्या सज्ज्याला, आणि गटाराचं काय?

संपादक साहेब, नमस्कार. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारच्या मागे आजोबांच्या जुन्या घरात राहतो. मागच्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसचा माणूस दारावर नोटीस चिकटवून गेला, कलम 264, घर जर्जरित आहे, सज्जा उतरवा नाहीतर दुरुस्त करा. बरं, सज्जा पडायला आलाय हे खरंच आहे, मिस्त्रीला सांगितलंय पण.

पण भिंत कशाने पोकळ झाली ते पण बघा ना! दारासमोरच्या चेंबरचं झाकण तुटलंय, त्यात कोणीतरी बांबू खोचून लाल साडीचा चिंधा बांधलाय, अर्धा तास पाऊस पडला की तेच पाणी मोरीच्या जाळीतून उलटं घरात येतं, झुरळं तरंगत येतात, आई ओट्यावर पाय घेऊन बसते. तीनदा कंप्लेंट केली, तिन्ही वेळा मोबाईलवर मेसेज, निकाल झाला म्हणून. कसला निकाल, बांबू अजून तिथेच आहे!

ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदी धोक्याच्या 26 फुटांच्या बरीच वर गेली होती, तेव्हा सगळ्यांनी बघितलं, नदी भरली की भुखी, मसिया, रूपारेल या कांसा, म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणारे मोठे नाले, पाणी घेतच नाहीत, ते मागे गल्लीत येतं. त्याला वेळ लागेल, कबूल. पण आमच्या चेंबरला नदीचा काय संबंध, तो नुसता गाळाने भरलाय.

सज्जा आम्ही नोटिशीच्या मुदतीत उतरवू. झाकणाला मुदत किती, ते कोणी लिहून देईल का?

एक बडोदेकर